जाळ कुठं जातो?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आग’ हा विषय दिला, तेव्हा डोळ्यांपुढे आधी वणवे आले, मग दंगली. त्यांवर लिहिणारे बरेच भेटतील. मला रोज कामाला जुंपलेली आग बघायची होती, जिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. कोल्हापूर भागात दिवाळी उलटली की गुऱ्हाळं पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. गेल्या हंगामात पन्हाळा आणि करवीर तालुक्यांतल्या गुऱ्हाळघरांत जाऊन बसले ते याचसाठी. प्रश्न एकच होता आणि तसा रोकडा होता : एवढा जाळ लावतात, त्यातला रसाला किती लागतो आणि उरलेला कुठं जातो?

एका आदणाचा हिशेब

आदण म्हणजे एका वेळी काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, चढणारा रस. तो १,००० किलोच्या आसपास धरू. चांगल्या उसाचा असेल, तर त्यात साखर आणि इतर विरघळलेलं सगळं मिळून २०० किलो भरतं. बाकी पाणी. गूळ करायचा म्हणजे यातलं पावणेआठशे किलोच्या वर पाणी हवेत घालवायचं. गुऱ्हाळघर हा खरं तर पाणी उडवण्याचा कारखाना आहे. पाणी गेल्यावर जे मागं उरतं त्याला बाजारात भाव मिळतो.

घाण्यातून आलेला रस २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तो उकळीला आणायला सुमारे २८० मेगाज्यूल उष्णता पुरते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. १०० अंशांवरच्या एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल मोजावे लागतात, आणि एवढं मोजूनही पाण्याचं तापमान तसूभर वाढत नाही. पावणेआठशे किलोंचा हिशेब १,७५० मेगाज्यूलच्या घरात जातो. बेरीज झाली २,००० च्या थोडी वर. उन्हात खडखडीत वाळलेल्या एका किलो चिपाडातून १५-१६ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे कागदावर १३०-१३५ किलो चिपाडांत आदण उतरायला हवं.

हा आकडा मी एका गुऱ्हाळमालकांना सांगितला. वयानं मोठे, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते मनापासून हसले. “एवढ्यात रस कोमट व्हईल, ताई.” त्यांच्या चुलवाणात एका आदणाला साडेचारशे-पाचशे किलो चिपाडं सहज जातात. गाळलेल्या उसाचं सगळं चिपाड वाळवलं तरी पुरत नाही, वरून लाकूडफाटा विकत आणावा लागतो. काही ठिकाणी तर अंधार पडल्यावर जुने टायरही चुलवाणात जातात आणि मग गावात तक्रारी होतात.

चार भारे जाळले तर त्यांतल्या तीन भाऱ्यांचा जाळ रसाला लागतच नाही, असा याचा अर्थ. तो नेमका कुठं अडतो हे बघायचं तर काहिलीच्या वर नाही, खाली उतरावं लागतं.

चुलवाणाच्या तोंडाशी

चुलवाण जमिनीत खोदलेलं असतं. त्याच्या तोंडापुढं खड्डा, खड्ड्यात जाळ घालणारा जळव्या. हाताशी चिपाडांचा ढीग. मूठभर चिपाड उचलायचं, एका झटक्यात आत पसरायचं, पुन्हा उचलायचं. आदण उतरेपर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, हा हात थांबत नाही.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. तोंडावर धग एवढी की डोळे मिटावेत, आणि पाठीला मात्र गार वारं. बाहेर तर झाडाचं पान हलत नव्हतं. “पाठीला गार लागतंय न्हवं?” तो म्हणाला. “ती हवा चुलवाण वढतंय.”

भाता नाही, पंखा नाही, तरी हवा ओढली जाते ती पलीकडच्या टोकाला असलेल्या धुराड्यामुळं. २७ अंशांच्या एक घनमीटर हवेचं वजन १ किलो १८० ग्रॅमच्या आसपास भरतं. तीच हवा ३२७ अंशांना तापली की फुगून दुप्पट होते, आणि तेवढ्याच जागेत निम्मं वजन उरतं. धुराडं १० मीटर उंच असेल, तर आतला गरम वायूचा स्तंभ बाहेरच्या गार हवेच्या स्तंभापेक्षा हलका पडतो, आणि दोन्हींच्या दाबात ५८ पास्कलचा फरक येतो. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर जेमतेम ६ मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर हवा तोंडातून आत शिरते, चिपाडं पेटवते, ज्वाळा काहिलीच्या तळाखालून फिरते आणि मागच्या बोगद्यातून वर निघून जाते.

फरक एवढा नाजूक असल्यामुळं त्याला सांभाळावं लागतं. चिपाडं एकदम जास्त टाकली तर वाट बुजते, हवा पुरत नाही, आणि न जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. कमी टाकली तर चिपाडांखालची जाळी उघडी पडते आणि नको असलेली गार हवा मोकळी आत घुसते. ती कशालाच पेटवत नाही. फक्त जाळाची उष्णता अंगावर घेते आणि धुराड्यातून चालती होते. डोळ्यांना हा दुसरा तोटा दिसत नाही, कारण धूर अगदी स्वच्छ असतो.

जळव्याला मी विचारलं, जाळ बरोबर लागतोय हे कशावरून ओळखता? त्यानं कानाला हात लावला. “धुराडं घुमाय लागलं की समजायचं, हवा लई झाली. काळं वकाय लागलं की जळण लई झालं. ह्या दोन्हीच्या मधी ऱ्हायाचं.”

काहिलीत

रस चढल्यावर पहिला काही वेळ वरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र सगळा रस फिरत असतो. तळाशी तापलेला रस फुगतो, हलका होऊन वर येतो. वरचा गार, जड रस खाली उतरतो. रसातून उष्णता एकटी फारशी पुढं सरकत नाही, ती रसाच्या अंगावर बसून जाते. भांडी खालून तापवण्याचं मर्म हेच आहे. हाच रस वरून तापवला असता तर गरम रस वरच तरंगत राहिला असता आणि तळ दुपारपर्यंत कोमटच राहिला असता.

हे फिरणं दिसत नाही, पण मळी त्याची वाट दाखवते. रानभेंडीची खोडं चेचून पाण्यात घोळली की बुळबुळीत द्राव निघतो. तो रसात टाकला की रसातला गाळसाळ त्याला चिकटतो आणि रस तापत जाईल तसा मळी होऊन वर येतो. जिथं जाळ जास्त लागतो तिथं रस वर चढतो, पृष्ठभागावरून पसरतो आणि जिथं काहील थोडी गार असते त्या कडेला खाली वळतो. रस खाली जातो, हलकी मळी मात्र तिथंच अडकून साचते. गूळ शिजवणारा गुळव्या लांब दांड्याचा झारा घेऊन बरोबर त्याच बाजूला उभा होता.

“मामा, हीच बाजू का?”

“मळी आपल्या पायानं येती हितं. तिच्या मागं पळायचं न्हाई.”

तापलेल्या द्रवाच्या या फिरण्याचा पहिला बारकाईचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार यांनी १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये केला. व्हेल माशापासून मिळणारं मेण वितळवून त्यांनी त्याचा अगदी पातळ थर खालून तापवला, तेव्हा सगळा पृष्ठभाग सारख्या षटकोनी चकत्यांत विभागला गेला. प्रत्येक चकतीच्या मध्यातून द्रव वर येत होता आणि कडांनी खाली जात होता. १९१६ साली लॉर्ड रॅले यांनी त्यामागचं गणित मांडलं : गरम द्रवाची वर जाण्याची ओढ, त्याचा चिकटपणा आणि त्यातून निसटणारी उष्णता यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की द्रव फिरू लागतो. गणित बिनचूक होतं, पण बेनार यांच्या चकत्यांना ते पुरतं लागू नव्हतं. इतक्या पातळ थरात खरा जोर पृष्ठताणाचा असतो, हे १९५० च्या दशकात उलगडलं. काहिलीतला रस मात्र चांगला खोल असतो. तिथं रॅले यांचंच राज्य चालतं.

मग रस फुटतो. गुऱ्हाळघरात उकळीला असंच म्हणतात. पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात, त्यांत वाफेचा कण धरून बसतो. तो फुगतो, सुटतो, वर झेपावतो. त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत वरचा रस आदळतो आणि तापून पुन्हा वाफ होतो. प्रत्येक बुडबुडा पत्र्याला चिकटलेला रस उपटून नेतो. म्हणून उकळता रस पत्र्याकडून उष्णता अक्षरशः ओरबाडून घेतो. १९३४ साली जपानमधल्या सेंदाई इथं शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली बारीक तार विजेनं तापवत नेली आणि याची सीमा शोधून काढली. बुडबुडे वाढत जातात तोवर उष्णता झपाट्यानं निघते. एका टोकानंतर मात्र बुडबुडे एकमेकांना मिळून तारेभोवती वाफेचा सलग पापुद्रा तयार होतो आणि उष्णतेची वाटच अडते. आजही अणुभट्टीपासून बॉयलरपर्यंत सगळीकडं ही सीमा ओलांडू नये याची काळजी घ्यावी लागते. चिपाडाच्या जाळानं काहील तिथवर पोचत नाही.

तेव्हा अडचण रसाच्या बाजूला नाही.

पत्र्याखालचा थर

आता काहिलीच्या खालच्या अंगाला येऊ. तळाखालून ज्वाळा जाते तेव्हा सगळाच गरम वायू पत्र्याला भिडत नाही. पत्र्याला अगदी लागून असलेले कण चिकटून थांबतात, त्यांच्या शेजारचे त्यांच्यामुळं रेंगाळतात, आणि असा एक पातळ, मंद थर तयार होतो. त्याच्या पलीकडं हजार अंशांच्या आसपासचा जाळ धावत असतो, पण पत्र्यापर्यंत यायचं तर त्याला या थरातून झिरपत यावं लागतं. आणि थांबलेला वायू उष्णतेचा फार वाईट वाहक असतो. गोधडीत ऊब टिकते ती चिंध्यांमुळं कमी आणि चिंध्यांमध्ये कोंडलेल्या हवेमुळं जास्त. काहिलीच्या तळाला तसंच पांघरूण असतं, फक्त ते दिसत नाही.

वाहत्या द्रवाला किंवा वायूला असा थर असतो ही कल्पना लुडविग प्रांट्ल या जर्मन अभियंत्यानं १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडली. काही पानांचाच निबंध होता. प्रवाहाचं सगळं अवघड गणित पृष्ठभागालगतच्या या अरुंद पट्ट्यात साठलेलं असतं, त्याबाहेर गणित सोपं होतं, असं त्यानं दाखवलं. विमानाच्या पंखांचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. गुऱ्हाळाच्या चुलवाणालाही तेच शास्त्र लागू आहे.

आकड्यांत बघितलं की हा थर किती जड जातो ते कळतं. एक चौरस मीटर पत्रा आणि एक अंशाचा फरक घ्या. उकळतं पाणी एवढ्यावर काही हजार वॅट उष्णता उचलतं. ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा १०,००० च्या आसपास वाहून नेतो. आणि भोवतालून वाहणारा वायू? पंचवीसपासून फार तर दोन-अडीचशेपर्यंत. जाळाचं थेट प्रारण, म्हणजे तोंड भाजून काढणारी धग, थराला न जुमानता पत्र्यावर पडते, त्यामुळं तोंडाजवळच्या भागात चित्र बरंच सुधारतं. ज्वाळा मागं सरकली, विझत आली की मात्र सगळी मदार त्या चिकट्या थरावर येते.

मी आबांच्या काहिलीचा ढोबळ हिशेब मांडला. घेर, वेळ आणि उडालेलं पाणी धरलं, तर पत्र्याच्या दोन अंगांत चार-पाच अंशांचाच फरक पडतो. पत्रा रसापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल. खाली शेकडो अंशांचा जाळ आहे आणि लोखंड मात्र १२० च्या आसपास रेंगाळतंय. मधले सगळे अंश वायूच्या बाजूलाच खर्ची पडले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लोखंडाऐवजी तांब्याची काहील केली तरी जळण वाचणार नाही, कारण लोखंड अडवतच नव्हतं. आता पुष्कळ ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या काहिली आल्या आहेत. स्टील उष्णता लोखंडाहून बरंच कमी वाहतं, पण त्यानं जळणात फारसा फरक पडत नाही तो याच कारणानं. दुसरी, काहील कधी रिकामी चुलवाणावर ठेवायची नाही, हा गुऱ्हाळघराचा जुना दंडक. रस आहे तोवर तो पत्र्याला थंड ठेवतो. रस नसला की तोच जाळ पत्र्याला लाल करतो आणि काहिलीचा तळ कायमचा वाकतो. आदण उतरलं की पुढचा रस तयार हवा, यासाठी गुळव्या घाणेकऱ्याच्या मागं लागतो ते उगाच नाही.

तळाला धरलेली काजळी या थरात भरच घालते. आठवड्यातून एकदा काहील उलटी करून खरवडली तर आदण लवकर उतरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. हंगामाच्या धांदलीत ते राहून जातं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

गोळी

पाणी उडत जातं तसा रस १०० अंशांवर थांबत नाही. साखरेचं प्रमाण वाढलं की उकळीचं तापमानही चढतं. १०५-१०६ अंशांना काकवी, आणि ढेपेचा गूळ हवा असेल तर ११८-१२० पर्यंत. गुळव्याकडं तापमापक होता, पण तो खिळ्याला टांगलेला. त्यानं झाऱ्यावरचा पाक थेंबभर गार पाण्यात सोडला, बोटांनी वळला आणि भांड्याच्या कडेवर आपटला. टण् असा आवाज आला. गोळी आली होती.

या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत सगळा खेळ फिरतो. इतका वेळ अडथळा खालच्या वायूत होता, आता तो रसातही येतो. पाक घट्ट होतो, फिरत नाही, बुडबुडे जड होऊन उशिरा सुटतात. तळाशी चिकटलेला पाक तिथंच बसून तापत राहतो आणि करपायला लागतो. म्हणून गुळव्या फावडं घेऊन सतत ढवळत असतो. निसर्गानं थांबवलेलं फिरणं तो हातानं चालू ठेवतो. फेस चढला की शेंगतेलाचा थेंब टाकतो. आणि खाली आवाज देतो : “जाळ वढ रं!” जळव्या हात थांबवतो, आतली पेटती चिपाडं मागं सारतो.

ही हाक आणि तो हात यांत जरा अंतर पडलं की रंग बिघडतो. रंगावर भाव ठरतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तेव्हापासून कोल्हापूरची पेठ गुळावर उभी आहे, २०१४ साली इथल्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सौद्यात आजही रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, पिवळेपणाकडं आधी नजर जाते. तळाशी करपलेल्या पाकानं आलेला काळपटपणा झाकायला मग हायड्रॉससारखी पावडर पडते. रसायनमुक्त गुळाची चर्चा करताना आपण शेतकऱ्याच्या सचोटीबद्दल बोलतो. त्या पावडरीचं एक मूळ काहिलीच्या तळाशी, वेळेवर न ओढलेल्या जाळातही आहे.

पाक वाफ्यात ओतला की उलटा प्रवास सुरू होतो, आता उष्णता लवकर घालवायची असते. वाफा उथळ आणि पसरट असतो, म्हणजे हवेला जास्तीत जास्त अंग मिळतं. फावड्यानं पाक वरखाली करतात, दाणा धरतो, मग कापड घातलेल्या साच्यांत भरतात. गरम वस्तू गार होण्याचा नियम न्यूटननं १७०१ साली नाव न घालता छापलेल्या लेखात दिला. त्यासाठी तापवलेलं लोखंड त्यानं मुद्दाम एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं होतं, स्थिर हवेत नाही, म्हणजे लोखंडाभोवतीची तापलेली हवा सतत हटत राहील. गुऱ्हाळघराच्या भिंती अर्ध्याच उभारतात. वाफ्यावरून वारं जावं हा त्याचा एक फायदा.

छपरातून जाणारी वाफ

आदण रंगात असताना वर बघितलं तर पत्र्याच्या छपराला मुद्दाम ठेवलेल्या फटीतून पांढऱ्या वाफेचा लोट जात असतो. रसाला जेवढी उष्णता लागली तीही अखेर तिथूनच निघून जाते. या वाफेलाच पुन्हा कामाला लावायची युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बेर रिल्यू या कृष्णवर्णीय अभियंत्यानं काढली. तिथल्या उसाच्या मळ्यांवरही तेव्हा उघड्या कढयांची रांग असायची आणि गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत टाकायची. रिल्यूनं १८४३ आणि १८४६ साली पेटंट घेतली : रस बंद भांड्यात उकळायचा, त्याची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची, आणि दुसऱ्यातला दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी तापमानालाही उकळतो. आजचे सगळे साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात. कारखान्याला चिपाड पुरून उरतं आणि तो वीज विकतो, शेजारच्या गुऱ्हाळाला मात्र तेच चिपाड पुरत नाही, याचं मुख्य कारण हे आहे.

बंद भांडी, पंप, दाब हे सारं एका गुऱ्हाळाच्या आवाक्याबाहेरचं. तरी प्रयत्न थांबलेले नाहीत. आयआयटी मुंबईतले मिलिंद राणे आणि जबडे यांनी २००५ साली वेगळीच वाट सुचवली : रस आधी गोठवायचा. बर्फ होतो तो पाण्याचा, साखर मागं राहते, आणि पाणी गोठवायला लागणारी ऊर्जा त्याची वाफ करण्यापेक्षा कितीतरी कमी. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेतले एस. आय. अन्वर यांनी थेट त्या चिकट थरावरच घाव घातला. काहिलीच्या तळाला खालून पट्ट्या जोडल्या. पट्ट्यांमुळं वायूला भिडणारं अंग वाढतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत जळणाची बचत तीस टक्क्यांच्या आसपास निघाली.

आबांना मी पट्ट्यांच्या काहिलीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. पट्ट्यांच्या बेचक्यांत काजळी बसली तर खरवडायची कशी? साखळीवर उचलताना पट्ट्या चुलवाणाच्या काठाला अडणार नाहीत का? आणि हंगामात पट्टी सुटली तर गावातला वेल्डर ती जोडेल का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. प्रयोगशाळेच्या निबंधांत त्यांना क्वचितच जागा मिळते. आबांनी स्वतः एक उपाय आधीच केलेला होता : धुराड्याकडं जाणाऱ्या बोगद्यावर दुसरी लहान काहील बसवली आहे. बाहेर चाललेल्या गरम वायूवर पुढच्या आदणाचा रस तिथं तापत राहतो. उत्तरेत तीन-चार काहिलींची भट्टी याच कल्पनेवर चालते.

जळव्याचा हात

सगळ्यात महत्त्वाचा आकडा मला उपकरणांच्या अभ्यासात सापडला नाही. आयआयटी मुंबईतले विशाल सरदेशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी चार काहिलींच्या एका भट्टीचा ताळेबंद मांडला, तोही २०१० सालीच प्रसिद्ध झाला. चिपाडातून मिळणाऱ्या एकूण उष्णतेपैकी गुळासाठी खरी गरज २९ टक्क्यांचीच होती. मोठा तोटा धुराड्यातून जाणाऱ्या वायूचा आणि भिंतींचा. मग त्यांनी भट्टीला हात लावला नाही, काहिलीही बदलल्या नाहीत. बाहेर जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजला आणि त्या प्रमाणात चिपाडं टाकायला लावली. ऑक्सिजन जास्त दिसला म्हणजे फुकटची हवा आत शिरतेय, कमी दिसला म्हणजे जळण कोंडतंय. एक किलो गुळामागं २.३९ किलो चिपाड लागत होतं, ते १.७३ वर आलं. पट्ट्या जोडून जेवढी बचत झाली, जवळपास तेवढीच ही नुसत्या टाकण्याच्या रीतीनं झाली.

चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस कानानं आणि धुराच्या रंगानं हेच मोजत होता. ‘ह्या दोन्हीच्या मधी ऱ्हायाचं’ हे त्याचं वाक्य आणि ऑक्सिजनचं यंत्र एकाच गोष्टीबद्दल बोलतात. फरक असा की काळा धूर त्याला दिसतो, पण जादा हवेचा अदृश्य तोटा फक्त आवाजावरून ताडावा लागतो, आणि तिथं यंत्र त्याच्या पुढं जातं.

मग त्याच्या पगाराचा विषय काढला. गुऱ्हाळघरात गुळव्याला सगळ्यात जास्त मान आणि मोबदला. रंग, दाणा, टिकाऊपणा त्याच्या नावावर जमा होतो. जळव्याला आदणाचा ठरलेला दर. तीनशे किलो चिपाडांत आदण उतरवलं काय नि पाचशेत उतरवलं काय, हातावर तेवढेच पैसे. त्यातही त्याला आदण लवकर उतरलेलं परवडतं, कारण दिवसाला एखादं जास्त मिळतं. म्हणून संध्याकाळी दमलेला हात भसाभस चिपाडं लोटतो. यात त्याची चूक काढता येत नाही. दर ठरवणाऱ्यानं वेगाला किंमत दिली आहे, बचतीला नाही.

आबांना मी विचारलं, वाचलेल्या चिपाडातला वाटा जळव्याला दिला तर? लाकूडफाट्याचा खर्च तसाही वाचेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चिपाड कोन मोजतंय, ताई? गूळ मोजतोय आमी.”

अडचण त्यांनी नेमकी सांगितली. गुऱ्हाळघरात दारातच मोठा तराजू आहे, ऊस त्यावर चढतो आणि रवेही चढतात. चुलवाणाकडं जाणारा चिपाडाचा भारा मात्र कधी चढत नाही. पट्ट्यांच्या काहिलीला भांडवल लागेल, गोठवण्याच्या यंत्राला वीज लागेल, त्यासाठी अनुदानं आणि योजना येतील तेव्हा येतील. एका हंगामापुरते भारे तोलून बघायला यांतलं काहीच लागत नाही. प्रत्येक आदणाला किती गेलं हे खडूनं भिंतीवर लिहिलं, की कुणाच्या हाताला कमी लागतं ते महिनाभरात आपोआप कळेल, आणि त्या हाताचा दर ठरवताना आबांना माझ्या गणिताची गरज पडणार नाही.